शेतकऱ्याघरची माउली : बहिणाबाई चौधरी

पैठणच्या वाटेवर वसलेल्या बिडकीन गावाला संतांची चरित्रे नवी नाहीत. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांच्या समाधीकडे निघालेल्या दिंड्यांचा टाळमृदंग ह्या परिसराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास आली होती, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना स्मरणिकेत संतांचे स्मरण व्हावे हे रीतीला धरूनच आहे.

परंतु देवाची भक्ती केवळ मठात, गादीवर किंवा पोथीतच झाली असे नाही. पहाटे उठून दळण दळणाऱ्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या आणि रात्री सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बायांनीही ती केली. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, कारण आपल्याला काही चरित्र आहे असे त्यांना स्वतःलाही कधी वाटले नाही. अशा असंख्य मायमाउल्यांपैकी एकीचे जीवन मात्र सुदैवाने महाराष्ट्राला कळले. त्या माउलीचे नाव बहिणाबाई नथूजी चौधरी.

दोन बहिणाबाई

आपल्या जिल्ह्यातील वाचकांचा नावामुळे घोटाळा होऊ नये म्हणून आरंभीच एक खुलासा करणे जरूर आहे. वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या आणि वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे समाधिस्थ झालेल्या संत बहिणाबाई ह्या सतराव्या शतकातील. त्यांनी तुकोबारायांना गुरू मानले व अभंगरचना केली. त्यांचा अधिकार मोठा आहे. येथे सांगावयाच्या बहिणाबाई चौधरी त्यांच्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी खानदेशात जन्मल्या. त्यांनी संतपदाचा कधी दावा केला नाही. त्या शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून आणि पुढे एका शेतकरी घराचा आधार होत्या. त्यांना एक अक्षरही लिहिता-वाचता येत नव्हते.

जन्म व माहेर

अजिंठ्याचा डोंगर उतरून पलीकडे गेले की खानदेशची काळी कसदार जमीन लागते. कापूस, ज्वारी, बाजरी, तूर ही आपल्याकडचीच पिके तिथेही होतात. तापी आणि गिरणा ह्या नद्यांच्या ह्या मुलखात जळगाव शहराजवळ असोदे नावाचे गाव आहे. त्या गावी महाजनांच्या घरात इ. स. १८८० साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे नाव भीमाबाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ व अहिल्या, सीता आणि तुळसा ह्या तीन बहिणी, असे ते भरलेले गोकुळ होते. घर लेवा समाजाचे, शेतीवाडीचे.

त्या काळी खेड्यातील मुलीला शाळा कुठली! मुलीचे शिक्षण म्हणजे आईच्या मागे मागे फिरून शेणगोठा, सडासारवण, दळणकांडण, निंदणी आणि वेचणी शिकणे. हे सगळे शिक्षण बहिणाबाईंनी असोद्याला घेतले. त्याबरोबर आणखी एक शिक्षण त्यांना नकळत मिळत होते. जात्यावरच्या ओव्या, सणावारांची गाणी, देवळातली कीर्तने, म्हाताऱ्या बायांच्या तोंडच्या म्हणी आणि कहाण्या हे सर्व त्यांच्या कानांवर पडत होते. कान तीक्ष्ण आणि स्मरणशक्ती दांडगी. एकदा ऐकलेले मनात घर करून राहत असे.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. आपल्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात, तशा तिकडे आखाजीला येतात. झाडांना झोके बांधले जातात आणि गाण्यांना ऊत येतो. माहेरचे हे सुख बहिणाबाईंच्या मनात जन्मभर ताजे राहिले. पुढे त्यांनी माहेरावर गाणी रचली, त्यांत असोद्याला नेणारी वाटसुद्धा आपुलकीच्या माणसासारखी भेटते. ज्या बाईने सासरी अपार कष्ट काढले तिलाच माहेर काय असते ते खरे कळते, हे त्या गाण्यांवरून ध्यानात येते.

सासर

वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १८९३ च्या सुमारास, बहिणाबाईंचे लग्न जळगावच्या खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथूजी यांच्याशी झाले. जळगाव हे त्या वेळी कापसाच्या व्यापाराने वाढत चाललेले, रेल्वे असलेले गाव. पण चौधरींच्या वाड्यातले जीवन शेतकऱ्याचेच होते. मोठे एकत्र कुटुंब, गुरेढोरे, गडीमाणसे आणि गावाबाहेर शेती.

एकत्र कुटुंबातील सुनेचा दिवस कसा जात असेल हे गावाकडच्या वाचकास सांगण्याची गरज नाही. कोंबडा आरवण्याआधी जात्यावर बसायचे. पिठाच्या गिरण्या तेव्हा खेडोपाडी नव्हत्या. घरात जितकी तोंडे तितक्यांच्या भाकरीचे पीठ बायांच्या दंडातून निघत असे. मग पाणी, सडा, धारा, चूल. भाकरीचे टोपले डोक्यावर घेऊन शेताची वाट धरायची. पेरणीच्या दिवसांत पेरणी, मग निंदणी, मग वेचणी, मग कापणी. खळ्यावर मळणी झाली की वाऱ्याची वाट पाहत उफणणीला उभे राहायचे. दिवस मावळताना सरपणाची मोळी घेऊन परतायचे, की पुन्हा चूल आहेच.

हे सर्व बहिणाबाईंनी केले. लाखो बायांनी केले तसेच केले. फरक एवढाच, की हाताने काम चालू असताना त्यांचे मन त्या कामाकडे कौतुकाने पाहत असे. मोट चालली की विहिरीतून वर येणारे पाणी, धावेवरून पुढे-मागे होणारे बैल, थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ह्यांत त्यांना गाणे दिसे. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा पाहिला की एवढ्याशा पाखराची ती कारागिरी त्यांना थक्क करी. जमिनीतून वर आलेला कोंब, वाऱ्याने हलणारे पान, खळ्यावरची रास ह्यांतले काहीच त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मग काम करता करताच ओव्या जुळत. त्या कोणासाठी रचलेल्या नसत. दळण जसे सरत असे तशी ओवी सरत असे आणि पीठ भरून घेतले की ती तिथेच राहून जाई.

वाट्याला आलेले दुःख

बहिणाबाईंना तीन अपत्ये झाली. ओंकार व सोपान हे मुलगे आणि काशी ही मुलगी. देवाधर्माच्या घरात शोभणारी ही नावे. परंतु संसार नीट उभा राहतो न राहतो तोच संकटांची रांग लागली.

तो काळच कठीण होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या वर्षांच्या दुष्काळांनी खानदेशास भाजून काढले. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे गावोगाव पसरला. गावात उंदीर पडू लागले की लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या घालून राहत. ह्या प्लेगचा तडाखा बहिणाबाईंच्या घरालाही बसला. ओंकार ह्या मुलाला त्या आजारामुळे कायमचे अपंगत्व आले. आईला याहून मोठे दुःख ते कोणते! पण ते उराशी धरूनच त्या कामाला जात राहिल्या.

त्यानंतरचा घाला सर्वांत मोठा होता. १९१० साली नथूजींचे निधन झाले. बहिणाबाई तेव्हा केवळ तीस वर्षांच्या होत्या. सोपान १९०७ सालचा, म्हणजे अंगाखांद्यावरचे लेकरू. वडील म्हणजे काय हे कळण्याआधीच त्याचे पितृछत्र गेले.

त्या काळच्या विधवेची स्थिती आजच्या पिढीला सांगितल्याशिवाय समजणार नाही. कुंकू पुसले जाई आणि त्याबरोबर सणासमारंभातील तिची जागाही जाई. हळदीकुंकवाला तिला बोलावणे नसे. शुभकार्यात तिचे पुढे येणे लोकांना खपत नसे. हिंदू वारसा कायदा झाला तो १९५६ साली. त्याच्या पूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेला अन्नवस्त्र मागता येई, पण नवऱ्याच्या जमिनीची मालकीण म्हणून मुलांच्या बरोबरीने उभे राहता येत नसे. ज्या मातीत ती मरमर राबली ती माती कागदावर तिची नव्हती. बहिणाबाईंचे सारे आयुष्य ह्या कायद्याच्या आधीचे.

अशा वेळी माणूस खचून जाते किंवा कडवट होते. बहिणाबाई खचल्या नाहीत आणि कडवटही झाल्या नाहीत. रडू येत असताना त्यांनी आपल्याच जिवाची समजूत घातली. हात पाहून भविष्य सांगणाऱ्यांकडे त्या वळल्या नाहीत. दैवाने जे केले ते डोळ्यांपुढेच होते, त्यात कोणी सांगण्यासारखे उरले नव्हते. तळहातावरच्या रेषांपेक्षा तळहातावरचे घट्टे त्यांना अधिक विश्वासाचे वाटले असावेत. त्याच हातांनी त्यांनी घर चालवले, अपंग मुलाला जपले, लेकीला वाढवले आणि धाकट्याला शाळेत घातले. स्वतः निरक्षर असलेल्या ह्या मातेचा तो मुलगा पुढे सोपानदेव चौधरी म्हणून मराठीतील नामवंत कवी झाला.

कष्टाची पूजा

मंदिराच्या स्मरणिकेत बहिणाबाईंचे चरित्र का द्यावे, असे कोणी विचारील. त्यांनी मंदिर बांधले नाही, घाट बांधला नाही, अन्नछत्र घातले नाही. त्यांच्याजवळ तेवढे द्रव्य कधी नव्हते. परंतु भक्ती कशाला म्हणावे हे त्यांच्या जगण्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होते.

देव आहे की नाही, असला तर कुठे आहे, ह्या प्रश्नांवर पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. बहिणाबाईंना तो प्रश्न शेतात पडला आणि उत्तरही शेतातच मिळाले. पेरलेले बी मातीआड झाकून जाते, दिसेनासे होते आणि चार दिवसांनी हिरवा कोंब होऊन वर येते. हे ज्याने केले त्याला आणखी कुठे शोधायचे? ऊन, वारा, पाऊस, गाईचे दूध, पाखराची शिवण ह्या सर्वांत त्यांना एकच हात काम करताना दिसला. तो हात अखंड कामात आहे म्हणून त्यांनाही कामाचा कंटाळा आला नाही. देव कामात आहे आणि आपण त्याच्या जोडीने कामात आहोत, ह्या समजुतीने कष्टाची पूजा झाली.

आपल्या मराठवाड्याला हा विचार परका नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण करतानाच विठोबाला हाक मारली आणि तो जात्याशी येऊन बसला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नाथमहाराजांनी भारुडांतून फुगडी, पिंगा, जोगवा ह्या बायकांच्या खेळांना आणि रीतींना परमार्थाच्या पायरीवर नेऊन बसवले. बायांचे काम व बायांचे खेळ देवाला चालतात हे संतांनी सांगून ठेवले होते. बहिणाबाईंनी ग्रंथ वाचले नव्हते, पण ही शिकवण कीर्तनांतून आणि ओव्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचलीच असणार. आपल्या तोंडून जे येते ते सरस्वती बोलवते, असे त्या मानीत. त्यात नम्रता होती आणि आपल्या बोलावरचा विश्वासही होता.

त्यांची भक्ती भाबडी मात्र नव्हती. माणसाचा लोभ, खोटा मोठेपणा, देवाच्या नावाने चाललेला देखावा ह्यांना त्यांनी परखड शब्दांत सुनावले. जनावर खाल्ल्या अन्नाला जागते आणि माणूस मात्र पोटासाठी माणुसकी विसरतो, ह्याची त्यांना खंत होती. माणसाचे मन किती चंचल, किती लहान आणि किती मोठे असते ह्यावर त्यांनी जे सांगितले ते मोठमोठ्या विचारवंतांनाही विचार करायला लावणारे आहे. आणि हे सगळे त्यांनी गुराच्या, पिकाच्या, पाखराच्या दाखल्यांनी सांगितले. दूरचा दाखला त्यांना कधी शोधावा लागला नाही.

संसाराविषयीही त्यांचे सांगणे असेच अनुभवाचे आहे. संसारात चटके बसतात हे त्यांनी लपवले नाही, पण त्या चटक्यांमुळे संसार टाकून द्यावा असे त्या म्हणत नाहीत. चटके सोसल्याशिवाय भाकर मिळत नाही, हे चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्याच ज्ञानावर त्यांनी आपले आयुष्य पेलले.

गाणी कागदावर आली

बहिणाबाईंनी स्वतः एकही ओळ लिहिली नाही. त्यांची गाणी त्यांच्या खानदेशी बोलीत, लेवा समाजाच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेत होत. ती त्यांच्या तोंडी असत, शेजारणींच्या कानी पडत आणि वाऱ्यावर जात. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली म्हणून वाचली. जी उतरली गेली नाहीत ती किती असतील याची मोजदाद आता कोणीच करू शकणार नाही.

सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांच्या कविता छापून येत होत्या, सभासंमेलनांत त्यांना मान होता. पण आपली आई आपल्याहून थोर कवयित्री आहे हे महाराष्ट्राला कळायला वेळ लागला. जळगावात छापखाना चालताना पाहून त्यावरही बहिणाबाईंनी गाणे रचले होते. त्याच बहिणाबाईंना स्वतःच्या गाण्यांचे छापील पुस्तक पाहण्याचे सुख मात्र लाभले नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी एका शेतकरी घरातली वडीलधारी बाई गेली, एवढेच बहुतेकांनी जाणले.

त्यानंतर सोपानदेवांनी आईच्या गाण्यांचे ते लेखन आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांना दाखवले. अत्रे हे स्वतः लेखक, कवी, नाटककार व नाणावलेले संपादक. त्यांना पहिल्याच वाचनात ह्या गाण्यांचे मोल कळले. हे धन महाराष्ट्रापुढे आलेच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी हा संग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या महाराष्ट्राने तो वाचला आणि तो चकित झाला. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नव्हती तिच्या शब्दांपुढे पदवीधरांनी मान लवविली.

पुढे ही गाणी शाळेच्या पुस्तकांत आली. १९६१ सालच्या मानिनी ह्या मराठी चित्रपटातून ती सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात घरोघर पोहोचली. खानदेशाबाहेरच्या बायांनाही ती आपलीच वाटली, कारण बोली निराळी असली तरी जाते, चूल आणि शेत तेच होते. सोपानदेवांचे निधन १९८२ साली झाले. आईने लेकराला वाढवले आणि लेकराने आईचे बोल वाढवले, असा ह्या मायलेकरांचा ऋणानुबंध.

जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही तिचे नाव आज हजारो मुलामुलींच्या पदवीपत्रावर छापले जाते. शेतकऱ्याच्या घरातील एका विधवेचा याहून मोठा गौरव तो कोणता!

आपल्या घरची बहिणाबाई

हे चरित्र वाचून हात जोडले आणि पुस्तिका फडताळात ठेवली, एवढ्याने काम भागणार नाही. बहिणाबाई आपल्याला कळल्या, कारण त्यांच्या घरात ऐकणारा आणि लिहून घेणारा एक मुलगा होता. तो नसता तर त्या इतर लाखो बायांसारख्याच विस्मृतीत गेल्या असत्या. मग आपल्या गावात, आपल्या आळीत, आपल्या घरात अशा किती बहिणाबाई होऊन गेल्या असतील?

बिडकीन परिसरातल्या आज्यांनीही काही कमी सोसले नाही. निजामी राजवट त्यांनी पाहिली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती संपली तोही काळ पाहिला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. कडेवरचे मूल झाडाच्या सावलीत ठेवायचे, दिवसभर हातोडा चालवायचा आणि संध्याकाळी सुकडी घेऊन घरी यायचे. त्याही स्थितीत त्यांनी घरे मोडू दिली नाहीत. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि गोदामाईचे पाणी अडले. त्याआधीची कोरडी वर्षे ज्यांनी डोक्यावर घागरी वाहून काढली त्या बायांची नावे कुठल्या दप्तरात सापडणार नाहीत.

आता तर काळ फारच वेगाने पालटत आहे. बिडकीन परिसरातील हजारो एकर शेतजमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली. जिथे तिफण चालत होती तिथे रुंद रस्ते झाले. मोट गेली, जाते कोपऱ्यात पडले, खळी मोडली. नवे कारखाने येतील, मुलांना काम मिळेल, ह्याचा आनंद सर्वांना आहेच. पण शेत गेले की शेताचे शब्द जातात आणि शब्द गेले की त्या शब्दांत साठवलेले आपल्या आयांचे आयुष्यही जाते. ज्या मुलाने उफणणी पाहिली नाही त्याला आजीची उफणणीवरची ओवी कशी कळावी?

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. साध्यासुध्या, निरक्षर बायांच्या तोंडून एवढे भांडार निघाले. ह्यावरून बहिणाबाई म्हणजे आभाळातून पडलेला चमत्कार नव्हता हे सिद्ध होते. ह्याच मातीतल्या बायांच्या परंपरेतले ते एक थोर फळ होते. झाड गावोगाव आहे, फळ झेलणारा हवा.

मंदिराच्या जीर्णोद्धारास अनेकांनी सढळ हाताने मदत केली, की फलकावर देणगीदारांची नावे कोरली जातात आणि ते योग्यच आहे. पुष्कळ देणग्या मातोश्रींच्या स्मरणार्थ असतात. त्या मातोश्रीचे नुसते नाव दगडावर राहील आणि आणखी दोन पिढ्यांनी ती कोण होती हे सांगणारा कोणी उरणार नाही. म्हणून प्रत्येक घराने एक साधे काम करावे. आपली आई, आजी, सासू कोणत्या गावची लेक, तिने कोणते शेत कसले, कोणत्या दुष्काळात घर कसे तारले, कोणती ओवी ती म्हणत असे, हे एका वहीत लिहून ठेवावे. जी माउली अजून हयात आहे तिच्याजवळ बसून तिला म्हणायला लावावे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात तिचा आवाज जपून ठेवता येतो. शाळेत जाणाऱ्या नातवंडाने सुट्टीच्या दिवशी आजीजवळ तास-दोन तास बसून लिहून घेतले तरी पुष्कळ होईल. सोपानदेवांनी आपल्या आईसाठी जे केले ते ह्याहून निराळे नव्हते.

आणि ज्या मूठभर धान्य देणाऱ्या, मंदिराचा पार झाडणाऱ्या, हरिनाम सप्ताहात पंगतीसाठी भाकरी थापणाऱ्या बायांचे नाव कोणत्याही फलकावर नसते, त्यांचीही आठवण गावाने ठेवावी. त्यांच्या भाकरीवर सप्ताह पार पडतात. त्यांच्या कष्टांवर घरे उभी असतात आणि घरे उभी असतात म्हणून गाव देऊळ उभे करू शकते.

बहिणाबाईंनी आयुष्यभर जे हाताला आले ते काम केले, जे वाट्याला आले ते सोसले आणि जे डोळ्यांना दिसले त्याचे गाणे केले. तक्रार थोडी, कृतज्ञता फार, असा त्यांचा जीव. शेतकऱ्याच्या घरात जन्मून शेतकऱ्याच्या घरातच देह ठेवलेल्या ह्या माउलीला बिडकीन पंचक्रोशीतील सर्व भाविकांचे विनम्र अभिवादन! तिच्यासारख्याच, पण नाव न उरलेल्या आपल्या सर्व मायमाउल्यांच्या चरणी कृतज्ञतापूर्वक नमस्कार!